खूण राहते कुठे: दिंडीच्या हजेरीचं ॲप

आमच्या मामांच्या दिंडीत दोनशेच्या आसपास वारकरी असतात. आळंदीहून पालखी निघाली की पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. मामा दिंडीचे व्यवस्थापक. भिशी म्हणजे वारीच्या खर्चाचे माणशी पैसे गोळा करायचे, ट्रकमध्ये कुणाचं सामान चढलं ते बघायचं आणि रोज संध्याकाळी पंगत बसायच्या आधी राहुट्यांपाशी फिरून हजेरी घ्यायची, ही त्यांची कामं. हजेरी म्हणजे नुसता उपचार नव्हे. दिवे घाट चढून येणाऱ्या सत्तरीच्या आजी दिसल्या नाहीत तर शोधायला माणूस पाठवायचा की नाही, हे त्या यादीवरून ठरतं.

गावातल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाने त्यांना या हजेरीसाठी अँड्रॉइडचं छोटं ॲप करून दिलं होतं. नावांची यादी, प्रत्येक नावापुढे एक चेकबॉक्स. पुढे त्या मुलाला नोकरी लागली, तो परगावी गेला आणि ‘आपल्या घरात कॉम्प्युटरवाली आहे की’ या न्यायाने ॲप माझ्याकडे आलं. सोबत मामांची तक्रारही आली.

‘‘अगं, वरच्या चौघांना मी टिक केली. खाली गेलो तर न विचारलेल्या चौघांना आपोआप लागलेली. परत वर आलो तर वरच्यातली दोन गायब. माउली माझ्याआधीच हजेरी घेतात का काय?’’

अँड्रॉइडवर काम करणाऱ्या कुणालाही ही तक्रार ऐकताच कारण कळतं, आणि तरीही ते प्रत्येक नव्या ॲपमध्ये नव्याने भेटतं. फोनच्या पडद्यावर एका वेळी नऊ-दहा ओळी मावतात. दोनशे नावं असली म्हणून अँड्रॉइड दोनशे ओळी बांधत बसत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि एखाद-दुसरी जास्त. वरची ओळ बोटाने पडद्याबाहेर सरकली की तीच ओळ खालून नवं नाव घेऊन परत येते. पंगतीतल्या ताटांसारखंच हे. पहिली पंगत उठली की तीच ताटं दुसरीला, पण मध्ये कुणीतरी ती विसळावी लागतात. इथे विसळायचं काम प्रोग्रामरचं. त्या मुलाच्या कोडमध्ये ओळ भरताना नाव नवं घातलं जात होतं, गाव नवं घातलं जात होतं, चेकबॉक्सला मात्र कुणी हातच लावत नव्हतं. आधीच्या माणसाची खूण पुढच्याच्या ताटात.

हा दोष करताना का दिसत नाही, तेही सांगते. घरी बसून ॲप तपासताना आपण पाच-सहा नावं घालतो. ती एका पडद्यावर मावतात, ओळींचा पुनर्वापर होतच नाही, सगळं झकास चालतं. मी आता कुठल्याही यादीचं काम हाती घेतलं की आधी डेटाबेसमध्ये खोटी तीन-चारशे नावं ओतते. मगच पुढचं.

कोड चाळताना दिसलं की या दोषाची कुणकुण त्या मुलालाही लागली होती. त्याने एक उपायही केला होता, जो सगळेच पहिल्यांदा करतात: यादीइतक्या लांबीची खरं-खोटं मूल्यांची एक रांग ठेवायची आणि यादीतल्या क्रमांकाप्रमाणे खूण लक्षात ठेवायची. तिसऱ्या ओळीला टिक केली की रांगेतलं तिसरं घर ‘खरं’. हा उपाय अर्धवट लिहून सोडून दिलेला होता. पुरा केला असता तरी चालला नसता, कारण वर शोधायची पट्टी होती. वारकऱ्यांच्या यादीत पांडुरंग, ज्ञानेश्वर, तुकाराम यांची वाण नसते. ‘पांडु’ टाइप केलं की यादी आकसून सात-आठ पांडुरंगांवर येते आणि त्यांचे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे पूर्ण यादीतल्या पहिल्या सात-आठ माणसांच्या खुणा या पांडुरंगांना चिकटणार. क्रमांक हा यादीचा असतो, माणसाचा नसतो. आणि नाव तर नावालाही उपयोगाचं नाही, एका गावचे दोन पांडुरंग आमच्याकडे आहेत. माणसाची ओळख एकच: डेटाबेसमधल्या त्याच्या नोंदीचा आयडी.

क्रमाची आणखी एक गंमत. एसक्यूलाइट, म्हणजे अँड्रॉइडमध्येच असलेला छोटा डेटाबेस, साध्या क्रमाने नावं लावतो तेव्हा युनिकोड या अक्षरांच्या संगणकी तक्त्यातले क्रमांक बघतो. ज्ञ हे तिथे स्वतंत्र अक्षर नाही, ज आणि ञ यांचं जोडाक्षर आहे. त्यामुळे सगळे ज्ञानेश्वर ज च्या जवळजवळ शेवटी, झ च्या आधी येऊन बसतात. मामा त्यांना शाळेत शिकल्याप्रमाणे ह, ळ, क्ष नंतर यादीच्या तळाशी शोधत होते. भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय अँड्रॉइडने एसक्यूलाइटला जोडलेली आहे, पण ती फोनच्या भाषेवर अवलंबून, आणि मामांचा फोन इंग्रजीत. मी वाद घालत न बसता त्यांनाच विचारलं, तुम्हाला यादी कशी हवी? ते म्हणाले, ‘‘राहुटीप्रमाणे. मी राहुट्यांतूनच फिरतो ना.’’ वर्णमालेचा प्रश्नच मिटला. टेबलात राहुटीचा रकाना वाढला, एवढंच.

मूळ ॲपमध्ये खाली ‘जतन करा’ असं बटण होतं. तोवर सगळ्या खुणा फक्त मेमरीत. हजेरी चालू असताना फोन येतो, कुणी म्हणतं माउली एक फोटो काढा, कॅमेरा उघडतो, आणि कमी मेमरीच्या फोनवर अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप सरळ बंद करून टाकतो. परत आल्यावर यादी कोरी. म्हणून पहिलं ठरवलं ते हे की जतनाचं बटणच नको. बोट लागलं की त्याच क्षणी डेटाबेसमध्ये लिहायचं. पालखीच्या तळावर लाखो माणसं आणि तेवढेच फोन. इंटरनेटवर विसंबायचा प्रश्नच नव्हता, जे काही असेल ते फोनमधल्या एसक्यूलाइटमध्येच.

लिहायचं ठरलं की लिसनर आला, म्हणजे काही घडलं की चालणारा कोडचा तुकडा. चेकबॉक्सची स्थिती बदलली की आपल्याला कळवणारा लिसनर अँड्रॉइडमध्ये आहे, ऑनचेक्डचेंज नावाचा, आणि पहिल्यांदा हात तिकडेच जातो. इथला सापळा आधीच्यापेक्षा वाईट आहे. हा लिसनर माणसाने बोट लावल्यावर चालतो, तसाच कोडने स्थिती बदलली तरी चालतो. समजा एका ओळीत टिक केलेले पांडुरंग होते आणि त्या ओळीच्या लिसनरकडे पांडुरंगांचा आयडी होता. ती ओळ सरकून वर गेली आणि खालून सखुबाईंसाठी परत आली. सखुबाई अजून आलेल्या नाहीत, म्हणून कोडने चेकबॉक्स कोरा केला. स्थिती बदलली, जुना लिसनर जागा झाला, आणि त्याने डेटाबेसमध्ये लिहिलं: पांडुरंग गैरहजर. म्हणजे यादी नुसती खालीवर केली तरी हजेरी पुसली जाते. आधीचा दोष निदान डोळ्यांना फसवत होता, हा नोंदच खराब करतो, तीही गुपचूप.

पुस्तकी उपाय असा की ओळ भरताना आधी लिसनर काढून टाकायचा, मग स्थिती लावायची, मग नव्या आयडीचा लिसनर बसवायचा. चालतो. पण पुढे कुणी त्या कोडमध्ये ओळी मागेपुढे केल्या की दोष परत हजर. मी तो लिसनरच सोडला आणि साधा क्लिकचा लिसनर घेतला. क्लिक फक्त माणूस करतो. कोडने स्थिती बदलली तर क्लिक होत नाही, त्यामुळे क्रमाची काळजीच उरत नाही.

चेकबॉक्सही ओळीत नुसता बघण्यापुरता ठेवला, क्लिक पूर्ण ओळीवर घेतला. त्यामागे दोन कारणं. एक तर लिस्टव्ह्यू या यादी दाखवायच्या जुन्या साधनात चेकबॉक्स फोकस स्वतःकडे ओढतो आणि ओळीवरचा क्लिक मेल्यासारखा होतो. चेकबॉक्सचा फोकस बंद केला की ती अडचण जाते. दुसरं, अंधारात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फोन धरून मामांना चौकोनावर नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. ओळीवर कुठेही टेकवा, चालतं.

एवढं करूनही एक विचित्र गोष्ट राहिली. टिक केली, यादी खाली नेली, परत वर आणली, तर टिक नाही. ॲप बंद करून उघडलं तर टिक आहे. डेटाबेसमध्ये बरोबर लिहिलं जात होतं, पण पडद्यावर जुनंच येत होतं. इथे कर्सरचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, दिलेला कर्सर ही त्या वेळी काढून घेतलेली प्रत असते. नंतर टेबल बदललं तरी हातातली प्रत जुनीच, आणि ओळ भरणारा अडॅप्टर त्या प्रतीतून वाचतो. दर टिकेनंतर क्वेरी पुन्हा चालवून अडॅप्टरला नवा कर्सर द्यायला हवा. दर टिकेला क्वेरी म्हटलं की लोक दचकतात. दोनशे नोंदींची क्वेरी म्हणजे एसक्यूलाइटला काहीच नाही. उलट ती टाळायला म्हणून ‘आत्ता केलेल्या टिका’ वेगळ्या यादीत साठवणं, मग डेटाबेस आणि ती यादी यांचा मेळ घालणं, ही कसरत ज्यांनी केली आहे त्यांनाच तिचं दुःख ठाऊक.

तोवर मला एक गोष्ट पक्की दिसू लागली होती. या सगळ्या दोषांत खूण दोन ठिकाणी राहत होती: थोडी चेकबॉक्सात, थोडी रांगेत, किंवा थोडी कर्सरात, थोडी टेबलात. जिथे दोन ठिकाणी राहते तिथे कधी ना कधी भांडण होणारच. खूण टेबलात राहणार. चेकबॉक्स तिचं फक्त चित्र. चित्राला विचारून काही ठरवायचं नाही. मग ‘किती आले’ हा आकडासुद्धा चेकबॉक्स मोजून काढायचा नाही, टेबलाला विचारायचा. असं ठरवल्यावर खरा प्रश्न चेकबॉक्सचा उरलाच नाही. प्रश्न उरला तो टेबलाचा, आणि तिथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

मूळ टेबल एकच होतं, वारकरी. त्यात नाव, गाव, फोन, आणि ‘हजर’ नावाचा एक रकाना. एसक्यूलाइटमध्ये खरं-खोटं असा वेगळा प्रकार नाही, पूर्णांक ठेवायचा, 0 किंवा 1. तिथवर ठीक. पण सासवडला हजर असलेला माणूस जेजुरीला हजर आहे की नाही? रोज संध्याकाळी मामा ‘सगळं पुसा’ दाबत आणि नव्याने सुरुवात करत. कालचं गेलं. मला फोन करून ते म्हणाले, ‘‘फलटणला एक जण म्हणाला, मी लोणंदपासून घरी जाऊन आलो, चार दिवसांची भिशी परत द्या. खरं का खोटं, कशावरून सांगू?’’ सांगता येणार नव्हतं.

यादीत खरं तर दोन चेकबॉक्स होते आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे. एक ‘भिशी भरली’. दिंडीत जेवणखाण, ट्रक, टँकर यांच्या खर्चापोटी माणशी जे पैसे भरायचे, ते वारीत एकदाच. ही खूण माणसाची, तिचा रकाना वारकरी टेबलात असणं बरोबर. दुसरा ‘हजर’. ही खूण एकट्या माणसाची नाही आणि एकट्या मुक्कामाचीही नाही. दोघांच्या गाठीची आहे. तिला स्वतःचं टेबल लागतं: वारकऱ्याचा आयडी, मुक्कामाचा आयडी, आणि या दोघांची मिळून प्राथमिक किल्ली, म्हणजे एका माणसाची एका मुक्कामी दोनदा नोंद होऊच शकणार नाही. मामांच्या वहीत हे पहिल्यापासून तसंच होतं, उभ्यात नावं आणि आडव्यात मुक्काम. वहीला जे कळलं होतं ते ॲपला कळलेलं नव्हतं.

टेबल वेगळं झालं की यादीची क्वेरी दोन टेबलं जोडून करावी लागते, आणि तिथे नेहमीची ठेच आहे. सगळे वारकरी हवेत, हजेरीची नोंद असो वा नसो, म्हणून पहिल्या टेबलातलं कुणीच न गाळणारी जोडणी, लेफ्ट जॉइन. मुक्काम कोणता ही अट जोडणीच्या ‘ऑन’मध्येच घालायची. ती खाली ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या गाळणीत, घातली तर ज्यांची त्या मुक्कामाची नोंद नाही ते सगळे गळून पडतात. नव्या मुक्कामी तर अजून कुणाचीच नोंद नसते, त्यामुळे यादी पूर्ण रिकामी उघडते. हा दोष चोरून येतो, कारण जुना मुक्काम उघडला तर नावं दिसतात. शिवाय कर्सरच्या जुन्या अडॅप्टरला अंडरस्कोर आयडी (_id) याच नावाचा रकाना लागतो. दोन्ही टेबलांत तो असेल तर सगळे रकाने एकदम न मागता वारकऱ्याचा आयडी त्या नावाने स्पष्ट मागावा. नाहीतर टिक भलत्याच नोंदीवर जाईल, आणि का ते शोधायला संध्याकाळ.

याच सुमारास मी जुना सांगाडा टाकून रूम (एसक्यूलाइटशी बोलणारी लायब्ररी) आणि रिसायकलरव्ह्यू (यादी दाखवायचं नवं साधन) यांच्यावर आले. रिसायकलरव्ह्यू 2014 पासून आहे, रूम 2017 पासून. नवं म्हणण्यासारखं त्यात काही राहिलेलं नाही, पण कर्सर सांभाळण्याचं ओझं रूमने उतरवलं. क्वेरीचं उत्तर फ्लो म्हणून, म्हणजे वाहत्या उत्तरांच्या रूपात, मागितलं की टेबल बदललं की रूम स्वतःच क्वेरी परत चालवते आणि ताजी यादी पाठवते. बोट ओळीवर, ओळीतून लिहिणं टेबलात, टेबलातून यादी, यादीतून चेकबॉक्स. वाहतूक एकाच दिशेने. जुन्या ॲपमध्ये मी जे हाताने करत होते तेच, फक्त विसरायची सोय नाही. पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवरून डेटाबेसला हात लावला तर रूम ॲपच पाडते, हेही मला आवडतं. कडक मास्तर बरे.

ताजी यादी आली की जुन्या-नव्यातला फरक शोधून फक्त बदललेल्या ओळी पुन्हा काढायचं काम डिफयुटिल करतं. त्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: ही दोन्ही एकाच माणसाची ओळ आहे का, आणि असेल तर तिच्यात काही बदललं का? पहिल्याला आयडी, दुसऱ्याला सगळी माहिती. ‘बदललं का’ मध्ये खूण धरायची राहिली तर टेबल बदलतं, यादी येते, आणि चेकबॉक्स ढिम्म हलत नाही. आणखी एक त्रास झाला तो लुकलुकण्याचा. टिक केली की ती ओळ क्षणभर विझून परत उगवायची, कारण बदललेल्या ओळीचं ॲनिमेशन. बदलाचं ॲनिमेशन तेवढं बंद केलं. एका दुसऱ्या पडद्यासाठी कंपोज, ही पडदे बांधायची नवी रीत, वापरून पाहिलं तेव्हा मौज वाटली. तिथे चेकबॉक्सला स्वतःची स्थितीच नसते. बोट लावलं आणि आपण वरची स्थिती बदलली नाही, तर तो आहे तसाच राहतो.

नोंद लिहितानाही एक बारीक गोष्ट अडली. नोंद असेल तर बदल, नसेल तर घाल, हे एका वाक्यात सांगायची सोय एसक्यूलाइटमध्ये 3.24 पासून आहे, 2018 सालापासून. पण अँड्रॉइड आपल्यासोबत स्वतःचा एसक्यूलाइट आणतो, आणि अँड्रॉइड 10 पर्यंत तो 3.24 च्या मागेच होता. दिंडीतले फोन म्हणजे मुलांनी नवा घेतल्यावर आईवडिलांकडे आलेले फोन. लोक मग ‘रिप्लेस’ वापरतात. ते वाटतं तितकं निरागस नाही: ते जुनी नोंद काढून टाकतं आणि नवी घालतं. त्या नोंदीवर दुसऱ्या टेबलातल्या नोंदी टांगलेल्या असतील आणि मूळ नोंदीबरोबर त्याही काढायचा नियम लावलेला असेल, तर त्याही जातात. वारकरी टेबलात एखाद्याचा फोन नंबर दुरुस्त करायला रिप्लेस वापरलं असतं तर त्याची सगळ्या मुक्कामांची हजेरी पुसली गेली असती. मी जुनी दोन पावलांची रीत ठेवली: आधी ‘नसेल तर घाल’, मग ‘बदल’, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

ट्रान्झॅक्शनवरून आठवलं, मामांनी ‘सगळे हजर’ असं बटण मागितलं. पावसात दिंडी एकत्रच तळावर शिरली तर दोनशे वेळा बोट कशाला? दोनशे नोंदी एकेक करून लिहिल्या तर प्रत्येक नोंद म्हणजे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन. दर वेळी फाइलवर पक्कं लिहून झाल्याची वाट बघायची, आणि मध्ये दर नोंदीला यादी परत काढायची. एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या तर बोट उचलायच्या आत काम होतं. बटण करून दिलं. पण मामांनीच ते आठवड्याभरात काढायला लावलं. ‘‘सोयीचं आहे, म्हणून मी बघायचाच बंद झालो,’’ असं त्यांचं म्हणणं.

या बोलण्यातून सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निघाली. मी त्यांना विचारलं, वहीत तुम्ही न आलेल्या माणसापुढे काय करता? म्हणाले, फुली. आणि ज्याच्यापर्यंत अजून पोचला नाहीत त्याच्यापुढे? ‘‘काहीच नाही. कोरं.’’ म्हणजे वहीत तीन स्थिती होत्या, चेकबॉक्सात दोनच. कोरा चौकोन म्हणजे माणूस आला नाही की अजून विचारलंच नाही, हे ॲप सांगू शकत नव्हतं. दिवे घाटातल्या आजींच्या बाबतीत हाच फरक महत्त्वाचा.

टेबलाला यासाठी काहीच नवं लागलं नाही. नोंद नाही, म्हणजे विचारलं नाही. नोंद आहे आणि 1, म्हणजे हजर. नोंद आहे आणि 0, म्हणजे विचारलं आणि नाही. लेफ्ट जॉइनमधून हे तिन्ही आपोआप येतं, नोंद नसली तर तिथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’. फक्त कोडमध्ये तो नल पूर्णांक म्हणून वाचायचा नाही, कर्सर नलचाही शून्य करून देतो आणि तिसरी स्थिती दुसरीत विरघळते. रूममध्ये तो रकाना नल चालेल असा लिहिला की ही भीती जाते. पडद्यावरचा प्रश्न मात्र होता. अँड्रॉइडच्या साध्या चेकबॉक्सला दोनच स्थिती. गूगलच्या मटेरियल लायब्ररीतल्या नव्या चेकबॉक्सला तिसरी आहे, आडवी रेघ दाखवणारी, पण ती रेघ वाचून मामांना काही बोध होईना. त्यांना ‘वजा’ वाटलं. मग मी चेकबॉक्स काढूनच टाकला आणि त्या जागी चित्र ठेवलं: बरोबरची खूण, फुली, किंवा कोरा चौकोन. एकदा बोट टेकवलं की बरोबर, पुन्हा टेकवलं की फुली, तिसऱ्यांदा कोरं. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांसाठी फोन बोलतो तेव्हा त्याने काय बोलावं तेही चित्राला लिहून दिलं, कारण चेकबॉक्स असता तर ते फुकट मिळालं असतं.

यादीच्या वर आता तीन आकडे असतात: हजर, नाही, बाकी. मामा बहुतेक वेळ ‘बाकी’कडेच बघतात. तो शून्य झाला की पंगत.

मग दुसऱ्या फोनचा विषय निघाला. बायकांच्या राहुट्यांची हजेरी मामी घेतात, त्यांच्या फोनवर तेच ॲप. दोन्ही टेबलं रात्री एकत्र करायची, तीही नेटशिवाय. एका फोनवरून फाइल ब्लूटूथने दुसऱ्यावर. किल्ली वारकरी आणि मुक्काम अशी असल्यामुळे बहुतेक नोंदी न भांडता एकमेकींत बसतात. भांडण तेव्हा, जेव्हा एकाच माणसाबद्दल एका फोनवर फुली आणि दुसऱ्यावर बरोबर. आधी मी शेवटची वेळ ज्याची त्याचं खरं असा नियम धरला होता. मामींनी तो मोडीत काढला. त्यांचं म्हणणं असं की फुली मारणाऱ्याला माणूस दिसला नाही, एवढंच त्याला ठाऊक. बरोबर करणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहिलेला असतो. मग वेळ कशाला बघायची? एकत्र करताना आता दोन्हींतली मोठी किंमत घेतली जाते, 0 आणि 1 मधून 1. चुकून लागलेली बरोबरची खूण पुसायची असेल तर मामांच्या फोनवर हाताने.